शॉर्टकट जर्मनीतही चालावा म्हणून

ॲपसाठी कीबोर्ड शॉर्टकट ठरवताना कंट्रोलसोबत साधं लॅटिन अक्षर किंवा एफ-२ सारखी की घ्या. चिन्हं टाळा: जर्मन कीबोर्डवर स्लॅशला शिफ्ट+७ लागतं, चौकटी कंसाला ऑल्टजीआर (स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट की)+८. फ्रेंचवर तर आकड्यांनाही शिफ्ट!

सगळ्यात घातक कंट्रोल+ऑल्ट. विंडोजच्या लेखी ऑल्टजीआर म्हणजे तेच. त्यामुळे कंट्रोल+ऑल्ट+ए शॉर्टकटसाठी अडवलंत, तर पोलिश माणसाला शेपटीवालं ‘ए’ टाइपच करता येत नाही.

वेब ॲपमध्ये आधी ‘इव्हेंट.की’ (कीमधून उमटणारं अक्षर) तपासा. तिथे लॅटिन अक्षर नसेल (इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर ‘के’च्या जागी ‘क’ असतो), तरच ‘इव्हेंट.कोड’ (कीची कीबोर्डवरची जागा) बघा. सरसकट कोडच वापरलात, तर जर्मन कीबोर्डवर अनडू (कंट्रोल+झेड) ‘वाय’ छापलेल्या कीवर जातं, कारण तिथे वाय आणि झेडच्या जागा उलट आहेत. गेममधल्या डावी-उजवीकडच्या हालचालींना मात्र कोडच हवा, कारण तिथे कीची जागा महत्त्वाची. शॉर्टकट बदलायची सोय द्याच.