दुसरी प्रत पुसण्याआधी

चित्रपटांचा संग्रह आवरायला बसण्याआधी एक वही घ्या आणि सर्व्हरवरून फाइल पुसण्याची सोय बंद करा. घरातल्या फाइली टीव्हीवर दाखवणारे प्लेक्स आणि जेलीफिन हे दोन सर्व्हर प्रोग्रॅम धरून सांगते. प्लेक्समध्ये लायब्ररीच्या सेटिंगमध्ये तो पर्याय मिळेल. जेलीफिनमध्ये ही परवानगी प्रत्येक युजरच्या नावावर असते, तिथली खूण काढा. हे सगळ्यांत आधी, कारण तेच नाव दोनदा दिसलं की हात आपसूक डिलीटकडे जातो.

माझा गेला होता. आईच्या आवडीच्या एका मराठी चित्रपटाची व्हीसीडीवरून उतरवलेली प्रत होती, ३५२ बाय २८८ पिक्सेलची, धूसर. त्याच नावाची स्वच्छ, मोठी फाइल मिळाल्यावर मी जुनी पुसून टाकली. नवी प्रत टीव्हीसाठी कापलेली होती आणि तिच्यात आईची आवडती लावणीच नव्हती. गिरगावच्या घरातल्या कपाटातून मूळ डिस्क काढली, तर मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढलेली आणि ड्राइव्ह ती वाचेना. आई अजून अधूनमधून त्या लावणीबद्दल विचारते. ही यादी त्यासाठीच लिहिते आहे.

दुसरी तयारी डिस्कची. पूर्ण संग्रहाची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर हवी. त्याच डिस्कवर दुसरा फोल्डर केला तर ती नक्कल नव्हे, कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. नव्या डिस्कसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचंच असेल तर याच आठवड्यात जाऊन या, आवरायला घेतल्यावर मध्येच जागा संपायला नको. घरात जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी असतील तर त्या पावसाळ्याआधी एकदा लावून पाहा. वाचल्या जाताहेत त्या लगेच उतरवा. व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये सव्वा तासाच्या आसपासच चित्रपट मावतो, म्हणून एकाच चित्रपटाच्या दोन-तीन फाइली निघतात. त्यांना डुप्लिकेट समजू नका. एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये त्या एकापुढे एक जोडून आधीच सलग फाइल करून घ्या. जेलीफिनला तुकडे आणि आवृत्त्या एकाच चित्रपटात सांभाळता येत नाहीत.

आता वहीत तीन रकाने आखा: तीच फाइल, तोच चित्रपट पण वेगळा दर्जा, आणि वेगळी आवृत्ती. पहिला रकाना सोपा. दोन फाइलींचा आकार आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळला तर त्या तंतोतंत एकच, एक जाऊ द्या. दुसऱ्यासाठी मीडियाइन्फो हा फाइलचा तपशील दाखवणारा प्रोग्रॅम उघडून रिझोल्यूशन, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा), कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) आणि ऑडिओ ट्रॅक लिहून घ्या. फाइल लहान म्हणजे वाईट असं नाही. एचईव्हीसी या नव्या कोडेकमधली फाइल जुन्या एच.२६४ पेक्षा पुष्कळ कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र देते, फक्त घरातला जुना टीव्ही ती चालवतो का हे आधी बघा.

खरा वेळ द्यायचा तो तिसऱ्या रकान्याला. ‘शोले’ घ्या. १९७५ साली चित्रपटगृहात लागला तो सुमारे १९८ मिनिटांचा, आणि त्यात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. आधी चित्रित केलेल्या शेवटात गब्बर ठाकूरच्या हातून मरतो. तो शेवट असलेली आवृत्ती सुमारे २०४ मिनिटांची आहे. मग मिनिटं मोजली की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर बहुधा २५ फ्रेमनी, म्हणजे तोच चित्रपट चार टक्के लवकर संपतो. २०४ मिनिटांची आवृत्ती अशा डिस्कवरून उतरली तर १९६ मिनिटांत संपेल, आणि नुसते आकडे पाहणारा माणूस जास्त दृश्यं असलेलीच प्रत आखूड समजून पुसेल. म्हणून वेळेशेजारी फ्रेमरेट लिहा, २५ दिसला तर मिनिटांना २५ ने गुणून २४ ने भागा, आणि तरीही शंका राहिली तर दोन्ही प्रतींची शेवटची दहा मिनिटं आणि प्रत्येक गाणं लावून बघा. यात एक संध्याकाळ जाते, ती जाऊ द्या.

‘मुघल-ए-आझम’ची १९६० ची मूळ प्रत आणि २००४ ची रंगवलेली प्रत दोन्ही ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. १९५३ चा ‘श्यामची आई’ आणि २०२३ चा तर वेगळे चित्रपटच, पण फाइलच्या नावात वर्ष नसेल तर सर्व्हर एकाचं पोस्टर दुसऱ्याला लावू शकतो. दुसराही कृष्णधवल असल्याने लघुचित्र बघून फसायला होतं. प्रभातचा १९३७ चा ‘कुंकू’ आणि त्याच वर्षीचा हिंदी ‘दुनिया न माने’ यांची कथा एक आणि शांता आपटे दोन्हींत, तरी ते वेगवेगळे चित्रित झालेले आहेत. हिंदी ऑडिओ उचलून मराठी फाइलला जोडू नका.

नावं बदलण्याआधी ती वहीत ठरवा. जेलीफिनमध्ये फोल्डरचं नाव ‘श्यामची आई (१९५३)’ असेल तर आतल्या प्रत्येक प्रतीचं नाव अक्षर न् अक्षर तेच हवं, पुढे मोकळी जागा, आडवी रेघ, पुन्हा मोकळी जागा आणि मग ओळख: व्हीसीडी, डीव्हीडी, काहीही. प्लेक्समध्ये वेगळ्या दर्जाच्या प्रती एकाच पोस्टरखाली राहतात. वेगळ्या आवृत्तीसाठी महिरपी कंसात एडिशनची खूण लिहिली की तिला स्वतंत्र पोस्टर मिळतं, पण त्याला प्लेक्स पास ही पैसे भरून घ्यायची वर्गणी लागते. प्लेक्सच्या डुप्लिकेट फिल्टरमध्ये आपण मुद्दाम ठेवलेल्या प्रतीही दिसतात. त्या यादीला पुसण्याची यादी मानू नका. सबटायटलची फाइल वेगळी असेल तर तिचंही नाव बरोबरीने बदला, नाहीतर ती मागे राहते.

एवढं झाल्यावर ‘काढलेले’ असा फोल्डर लायब्ररीच्या बाहेर करा, नको असलेल्या प्रती तिथे हलवा आणि वहीत तारीख घाला. आमच्याकडे त्या तारखेपासून तीन महिने काही पुसत नाहीत, आणि पुसायच्या आदल्या दिवशी ती यादी मी आईला वाचून दाखवते. मागच्या वेळी तिने दोन नावांवर थांबवलं.