नारळाच्या पाण्यावर कापड वाढवताना

टेक्स्टाइल आर्टमध्ये काहीतरी नवीन करायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलं हल्ली बरीच भेटतात आणि बहुतेकांना आधी मशीन, माग, महागडे रंग यांची यादी हवी असते. मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, बी.कॉम. करून चार वर्षं अकाउंट्सचं काम केलं आणि मग हातमागावर बसायला शिकले. माझं म्हणणं एवढंच की यादी नंतर करा, आधी आपल्या वाड्यावर लोक काय फेकून देतात ते बघा.

आमच्याकडे खोबरं वाळवायला नारळ फोडले की पाणी सरळ माडाच्या आळ्यात जातं. त्या पाण्यावर कापड वाढतं, अक्षरशः वाढतं. व्हिनेगर करणारे जिवाणू साखर खातात आणि सेल्युलोजचे अतिशय बारीक तंतू सोडतात, त्यांचा थर वर धरतो. फिलिपिन्समध्ये हाच थर नाता दे कोको म्हणून खातात, आणि केरळात मलाई नावाची कंपनी त्यापासून चामड्यासारखं मटेरियल बनवते. ज्यांच्या घरी माडाच्या सुरेचं व्हिनेगर करतात त्यांनी बरणीत वर आलेली ती बुळबुळीत साय बघितली असेलच, तोच प्रकार.

मी ५ लिटर पाणी गाळून उकळते, त्यात ४०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि थोडा काळा चहा, आणि पूर्ण थंड झालं की आधीच्या बॅचचं अर्धा लिटर आंबट पाणी आणि थराचा एक तुकडा. पहिल्यांदा करताना कोंबुचाचा, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाचा, थर आणि त्याचंच आंबट पाणी घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाने खराब होतं. वर झाकण न लावता मलमल बांधायची कारण जिवाणूंना हवा लागते, आणि टबच्या खाली पाण्याची थाळी ठेवायची नाहीतर एका रात्रीत मुंग्यांची रांग आत.

माझी पहिली बॅच मी जूनमध्ये लावली. हातात असलेली रेसिपी थंड देशातली, त्यात टबखाली गरम करायची चटई लावा वगैरे लिहिलेलं, आपल्याकडे त्याची काहीच गरज नाही, दोन आठवड्यांत बोटभर जाड थर तयार. एवढा आनंद झाला की सासूबाईंना दाखवायला टब उचलून पडवीत आणला, आणि तिथेच चूक झाली. टब हलला की थर खाली बसतो आणि वर दुसराच नवीन धरतो, मग ते दोन एकमेकांना नीट चिकटत नाहीत, वाळताना पापुद्रे सुटतात. पण पापुद्रे सुटायची वेळसुद्धा आली नाही, कारण जुलैच्या हवेत वाळणारच कुठे, चौथ्या दिवशी फळीवर हिरवे ठिपके आणि कुबट वास. सगळं टाकून दिलं आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

तेव्हापासून माझं वेळापत्रक हवेप्रमाणे चालतं. थर वाढायला आपली हवा बारा महिने चांगली, पण वाळवायला डिसेंबर ते मार्च. थर काढून सोड्याच्या पाण्यात उकळायचा, वास जाईपर्यंत धुवायचा, मग लाकडी फळीवर सावलीत पसरायचा. ओला थर जवळजवळ पाणीच असतो, त्यामुळे बोटभर जाडीचा वाळून कागदासारखा होतो. थोडं ग्लिसरीन लावलं तर कडक होत नाही.

नुसता थर घडीवर फाटतो. तिथे मला केळीने हात दिला. घड उतरवल्यावर खांब तोडून टाकतात ना, त्याचे सोप, म्हणजे एकावर एक असलेले पदर, बोथट सुरीने खरवडले की लांब धागे निघतात. ते ओले असतानाच हाताळायचे, सुकले की तुटतात. थर पातळ असताना हे धागे आडवे-उभे ठेवायचे आणि वरून हळूच थोडं गोड पाणी ओतायचं, की नवीन थर त्यांच्यावर धरतो. चवथीनंतर लावलेला असा एक तुकडा मी उजेडासमोर धरला तर आतली केळीची जाळी पानाच्या शिरांसारखी दिसत होती. तो मी विकणार नाही.

रंगाचं थोडक्यात: आधी हिरडा आणि मग लोखंडाचं पाणी, काळा छान बसतो. भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा, लाल बघून भुलू नका, साबण लागला की रंग पालटतो आणि उन्हात तर उडूनच जातो.

माग मात्र सोडू नका. ताणा-बाणा हाताला कळल्याशिवाय धागे कुठे ठेवायचे ते सुचत नाही. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणलेली गोव्याची कुणबी साडी जवळून बघा, लाल-पांढऱ्या चौकटींत आडवा-उभा धागा कसा बोलतो ते त्यात स्पष्ट दिसतं.

पैशांचं विचाराल तर पहिलं दीड वर्ष एकही तुकडा विकला गेला नाही, ब्लाउज शिवून घर चालवलं. आता दिव्याच्या शेड आणि भिंतीवरची कामं जातात. अंगावर घालायचं मी अजून देत नाही, पावसात भिजलं की ते फुगतं, आणि घेणाऱ्याला हे मी आधीच सांगते. वहीत प्रत्येक तुकडा तारीख, त्या दिवशीची हवा आणि साखरेचं माप लिहून टाचून ठेवते, बुरशी लागलेल्यांचे फोटोसुद्धा. बघायला कोणी आलं तर मी आधी तीच पानं उघडून देते.