फ्लॅशच्या फोटोत खाली काळा पट्टा येतो : माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या चौकात, दुपारच्या उन्हात, वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो स्टँडवरचा फ्लॅश आणि पांढरी छत्री लावून घेताना प्रत्येक फोटोच्या तळाशी काळा पट्टा येत होता आणि शालूचा काठ त्यात बुडत होता. बॅटऱ्या बदलल्या, हॉट शू (कॅमेऱ्यावरची फ्लॅश जोडायची खाच) पुसला, छत्रीही काढून पाहिली. हाती काहीच लागले नाही, आणि तो प्रसंग पुन्हा येणारा नव्हता.

दोष शटरच्या वेगाचा होता. मी ठेवलेल्या १/५०० सेकंदाला शटरच्या दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते, त्यामुळे फ्लॅश क्षणभर चमकतो तेव्हा काही भाग झाकलेलाच असतो; साधा ट्रिगर (दूरचा फ्लॅश पेटवणारे यंत्र) कॅमेऱ्याला इतका वेग ठेवण्यापासून अडवत नाही.

प्रथम कॅमेरा मॅन्युअलवर घेऊन शटर १/२०० केले (आपल्या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशच्या वेळी पूर्ण सेन्सर उघडा राहील असा सर्वांत जास्त शटर वेग, पुस्तिकेत पाहावी), नंतर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवला, फ्लॅश बंद ठेवून मागचे ऊन नीट दिसेपर्यंत लेन्सचे छिद्र एफ ११ पर्यंत लहान केले, आणि शेवटी फ्लॅश पूर्ण शक्तीवर लावला. तरीही चेहरा काळवंडला, तेव्हा छत्री फोटोच्या चौकटीच्या कडेपर्यंत जवळ आणली, कारण अंतर निम्मे केले की प्रकाश जवळपास चौपट होतो. हाय-स्पीड सिंकने (फट सरकत असताना फ्लॅश सतत लुकलुकत राहण्याची सोय) पट्टा जातो, परंतु प्रकाश बराच घटतो, म्हणून उन्हात छत्रीसोबत मी तो वापरत नाही.