दरीची भीती वाटणाऱ्यासाठी ट्रेक कसा निवडायचा

कुणी सोपा ट्रेक विचारला की आधी त्याला हे विचारा की नेमकी भीती कशाची वाटते, चढायची की दरीची, कारण दोन्ही एकदम वेगळं आहे. माझ्या ताईचा दम भारी आहे, तीन तास सलग चढेल, पण एका बाजूला दरी उघडी दिसली की पाय लटपटतात आणि घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा घसरडा उतार, आला की ती बसून बसूनच उतरते. आता अशा माणसाला नुसतं 'इझी' लिहिलेलं बघून नेलं तर हाल होतात, वाटेत एकच दहा फुटांचा कातळ असला तरी तिचा ट्रेक तिथेच संपतो.

म्हणून किल्ला नाही, वाट निवडायची. राजगडच घ्या ना, गुंजवणे गावातून चोर दरवाजाने गेलात तर शेवटी उभा कातळटप्पा आहे, रेलिंग आहे तरी खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तोच राजगड पाली दरवाजाने केला तर रुंद वाट, पायऱ्या, आणि आरामात पद्मावती माची. बालेकिल्ल्याची चढण मात्र उभीच आहे, ती सोडा, माचीवर बसून पिठलं-भाकरी खा, त्यात काहीही कमीपणा नाही. हरिश्चंद्रगड करायचा तर पाचनई गावातून, खिरेश्वर गावाच्या वाटेला तोलार खिंडीनंतर रेलिंगचा कातळ लागतो, आणि उभ्या घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेचं तर नावही काढू नका. भीमाशंकरला खांडसहून गणेश घाट लांबचा पडतो पण शिडी घाटापेक्षा शंभर पटीने बरा.

अगदी पहिल्यांदा नेत असाल तर कोरीगड, पेठ शहापूरकडून पायऱ्या आहेत आणि वर मोठं सपाट पठार. कळसूबाईला सगळे सोपं म्हणतात पण लोखंडी शिड्या आहेत, ते आधीच सांगून ठेवा. हरिहर, कलावंतीण यांच्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांचे कितीही रील्स आले तरी आत्ता नको.

सीझन पण बघा. पावसात कातळावर शेवाळं, आणि फेब्रुवारीनंतर गवत वाळून मुरूम मोकळा होतो, पायाखाली मोहरी सांडल्यासारखं वाटतं. ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर बेस्ट. व्हिडिओ बघायचाच तर उतरतानाचा बघा, आणि कॅमेऱ्यात चढ नेहमी कमी दिसतो हे धरून चला.

उतरताना एकाने ताईच्या एक पाऊल खाली राहायचं, हात ओढायचा नाही, आणि "काही होत नाही गं" हे तर अजिबात म्हणायचं नाही, त्याने ती अजून घाबरते. पाऊल कुठे ठेवायचं तेवढंच सांगा.

आणि पायथ्याच्या गावात कुणा काकांना "वाट सोपी आहे का" विचारू नका, त्यांना सगळंच सोपं वाटतं. "या वाटेने गुरं वर जातात का?" असं विचारा. जातात म्हणाले तर बिनधास्त निघा.