पिओनीची फुले घरात आणताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मे महिना संपत आला की पिओनीची मोठी फुले देणारी झुडपे फुलू लागतात आणि ओळखीच्या मराठी घरांतून दरवर्षी त्याच तक्रारी ऐकू येतात. फुलदाणीतली कळी उघडलीच नाही, फूल एका दिवसात गळून गेले, किंवा गेल्या वर्षी भरभरून फुललेल्या झुडपाला यंदा फुलेच आली नाहीत. या तिन्हींचे कारण बहुतेक वेळा फूल कापताना केलेल्या घाईत असते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कळी केवळ डोळ्यांनी पाहून कापणे. कळी मोठी झाली आणि हिरव्या दलांमधून गुलाबी रंग डोकावू लागला की ती तयार झाली असे वाटते. पण आतल्या पाकळ्या त्या वेळी घट्ट मिटलेल्या असू शकतात आणि अशी कडक कळी पाण्यात कितीही दिवस ठेवली तरी बहुधा मिटलेल्या अवस्थेतच सुकते. म्हणून कळी चिमटीत धरून हलकेच दाबून पाहावी. येथील फूल उत्पादक ज्या अवस्थेला मार्शमॅलोची (स्पंजासारख्या मऊ मिठाईची) अवस्था म्हणतात, तसा मऊपणा बोटांना जाणवला तरच कापावी. हा मऊपणाही सर्व जातींत सारखा नसतो. फ्रान्समध्ये फुलांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या लेम्वान यांनी १९०६ साली आणलेली ‘सारा बर्नहार्ट’ ही भरगच्च पाकळ्यांची जात चांगली मऊ होईपर्यंत झाडावरच राहू द्यावी लागते, तर ‘कोरल चार्म’ झपाट्याने उमलते, म्हणून ती थोडी घट्ट असतानाच कापलेली बरी. हंगामात रोज सकाळी ऊन चढण्यापूर्वी बागेत फेरी मारून प्रत्येक कळी दाबून पाहणे मला आवश्यक वाटते. ज्यांना सगळी फुले एकाच सकाळी कापून मोकळे व्हायचे असते, त्यांच्या हाती निम्म्या कळ्या कच्च्या आणि काही फुले उतरणीला लागलेली येतात.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण तिचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. ओळखीतल्या एका वहिनींनी मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीसाठी उंच काचेच्या फुलदाण्या आणल्या होत्या आणि त्या भरण्यासाठी, लावून जेमतेम दोन वर्षे झालेल्या झुडपाच्या सगळ्या दांड्या जमिनीलगत कापल्या होत्या. पार्टी सुरेख झाली. पुढच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला, “खत घातलं, पाणी दिलं, तरी कळी का धरत नाही?” मी विचारले, “वहिनी, गेल्या वर्षी दांड्यांवर पाने किती ठेवली होती?” त्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पिओनीची पाने उन्हाळाभर अन्न तयार करून जाड मुळांमध्ये साठवतात आणि पुढच्या वर्षीचे डोळे, म्हणजे मुळांवरचे अंकुर, त्या साठ्यावरच पोसले जातात. पानांसकट दांड्या गेल्या की झुडूप उपाशी राहते, आणि खताने ती भूक भागत नाही. वहिनींच्या झुडपाला पुन्हा नीट बहर यायला आणखी दोन हंगाम जावे लागले.

त्यामुळे पहिली दोन वर्षे कात्री झुडपाजवळ नेऊच नये. त्यानंतरही एका झुडपाच्या एक तृतीयांशाहून अधिक दांड्या कापू नयेत आणि कापलेल्या प्रत्येक दांडीच्या खालच्या भागावर किमान दोन-तीन पाने राहू द्यावीत. दांडी आखूड पडली तर फुलदाणी बुटकी घ्यावी. मिशिगनमधल्याच अ‍ॅन आर्बर शहरातील निकोल्स आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९२७ पासून पिओनींची बाग आहे. तेथील जुन्या जाती पाहिल्या की नीट जपलेले झुडूप अनेक दशके फुलते यावर विश्वास बसतो. इतके आयुष्य असलेल्या झाडाकडून पहिल्याच वर्षी सर्व काही ओरबाडून घेण्याची घाई मला अजिबात पटत नाही.

कळीवरच्या मुंग्यांवर औषध फवारू नये. त्या दलांवर पाझरणाऱ्या गोड रसासाठी येतात आणि कळीला इजा करत नाहीत. मुंग्यांशिवाय पिओनी फुलत नाही, हा समजही खोटा आहे. कळी पाण्यात बुडवून झटकली की मुंग्या निघून जातात.

दांडीचे टोक ठेचू नये, धारदार सिकेटरने (बागेच्या कात्रीने) तिरपे कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. फुलदाणी खिडकीतल्या उन्हात किंवा फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये.

समारंभ आठवड्याभराने असेल, तर घाईने कच्च्या कळ्या कापण्याऐवजी योग्य वेळी कापलेल्या कळ्या राखून ठेवता येतात. खालची पाने काढून, कोरड्या कळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात आणि फ्रिजमध्ये आडव्या ठेवाव्यात. त्या दोन आठवडे सहज टिकतात. मात्र त्याच फ्रिजमध्ये सफरचंदे ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या खराब होतात. समारंभाच्या एक-दोन दिवस आधी त्या बाहेर काढून दांडीचे टोक पुन्हा कापावे आणि कोमट पाण्यात उभ्या कराव्यात. सुरुवातीला त्या मलूल दिसतात. तेव्हा त्या टाकून देऊ नयेत, काही तासांत पाणी ओढून ताठ होतात.