कोल्ड रूमसाठी चेन घेताना: एका फिटरच्या चुका

आमच्या वरूड पट्ट्यात मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चात निघतो. बाहेर ऊन तापू लागलेलं असतं आणि आत कोल्ड रूम ६-७ अंशांवर. हवेतली ओल ९० टक्क्यांच्या वर ठेवावी लागते, नाहीतर फळ सुकतं. या दोन हवामानांच्या मधोमध, दारापाशी, आमचा क्रेटचा कन्व्हेअर चालतो. त्याच्या चेनीनं मला दोन हंगाम रडवलं.

मला वाटायचं, थंडीनं लोखंड ठिसूळ होतं आणि तुटतं. तसं नाही बाप्पा. ६ अंशांत साध्या स्टीलच्या चेनीला काही होत नाही, तो प्रश्न शून्याच्या बराच खाली येतो. आपली चेन मरते ओलीनं. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरते आणि गार चेनीवर दहिवर धरतं. ते पाणी कड्यांच्या बाजूच्या पत्त्यांच्या फटीतून पिन आणि तिच्याभोवतीच्या बुश नावाच्या नळीमध्ये उतरतं, आतलं तेल हुसकावून लावतं. मग सांध्यातून लाल भुकटी निघते. वरून चेन कितीही चकचकीत दिसो, ती भुकटी दिसली की आत पिन खाल्ली जातेय असं समजा.

म्हणून दुकानात जायच्या आधी लाइनीच्या कडेनं एक चक्कर मारा आणि प्रत्येक चेनीपाशी पाणी कुठून येतं ते पाहा. मी हे केलं नव्हतं. पहिल्या वर्षी सगळीकडे साधी काळी चेन लावली, ती दारापाशी दोन महिन्यांत गेली. दुसऱ्या वर्षी चिडून सगळीकडे स्टेनलेस टाकली. गंज थांबला, पण मेन ड्राइव्हची, म्हणजे मोटरची ओढ घेणारी चेन लांबून दात सोडायला लागली! ३०४ जातीचं स्टेनलेस उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्यामुळे त्याच्या पिना साध्या चेनीच्या कडक केलेल्या पिनांपेक्षा लवकर झिजतात. त्याच मापात स्टेनलेस घेतली तर तिला लोड कमी द्यायचा. तेवढाच लोड ओढायचा असेल तर एक माप मोठी चेन घ्या. मग स्प्रॉकेटही (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) त्याच मापाचं बदलावं लागतं, तो खर्च आधीच धरून ठेवा.

आता आमच्याकडे अशी वाटणी आहे. ड्रायर आणि वॅक्सच्या बाजूला, जिथं कोरडं असतं, तिथं साधी चेन आणि नेमानं तेल. दारापाशी आणि कोल्ड रूममध्ये ३०४. फळं धुण्याच्या टाकीवर ३१६ जातीचं स्टेनलेस, कारण तिथं क्लोरीनचं पाणी असतं आणि ते ३०४ ला बारीक खड्डे पाडतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, ३१६ आहे." ३०४ पण चिकटत नाही, भाऊ! चुंबकानं या दोघांतला फरक कळतच नाही, कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. निकेल चढवलेली चेन स्वस्तात मिळते, पण रोलर (बुशवर फिरणारं गोल नळकांडं) घासतो तिथला थर आधी जातो. उघड्या फळाच्या वर ती मी लावत नाही.

माप घेताना फक्त पिन ते पिन अंतर मोजू नका. ०८बी आणि ४० नंबर ही चेनीची दोन मापं, दोघांचं अंतर १२.७ मिमीच, पण रोलर एकाचा ८.५१ आणि दुसऱ्याचा ७.९२ मिमी. एकाची चेन दुसऱ्याच्या स्प्रॉकेटवर बसल्यासारखी वाटते आणि दाते खाते. जुन्या चेनीचा तुकडा सोबत न्या, पत्तीवरचा नंबर घासून वाचा.

या १२.७ वाल्या चेनीचा एक फायदा आहे. २४ कड्या म्हणजे बरोबर एक फूट. चेन ताणून फूटपट्टी लावा, २४ कड्यांना पाव इंच जास्त भरलं की ती दोन टक्के लांबली, नवी आणायची वेळ झाली. दाते झिजून हुकासारखे वाकडे झाले असतील तर स्प्रॉकेटही काढा, नाहीतर नवी चेन लवकरच जुनी होते. चेनीची टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप लावताना तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. हाफ लिंक, म्हणजे लांबी जुळवायला घालतात ती अर्धी कडी, टाळता आली तर टाळाच, कमजोर कडी तीच.

ट्रॅक्टरचं ग्रीस कोल्डमध्ये नको. ते गारव्यात घट्ट होतं, सांध्यात उतरत नाही, वर बसून पाणी धरून ठेवतं. पातळ, फूड ग्रेड एच १ तेल (चुकून फळाला लागलं तरी चालणारं) घ्या आणि ते चेनीच्या आतल्या बाजूनं, पत्त्यांच्या फटीत सोडा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र रात्रीच्या धुण्यानं व्हायचं. आमच्या काकू प्रेशरचा पाइप सरळ चेनीवर धरायच्या. मी म्हटलं, "काकू, चेनीवर नका मारू." त्या म्हणाल्या, "मंग तिच्यात चिकटलेला गर कोन काढन?" बरोबरच होतं त्यांचं. मग गर पडू नये म्हणून चेनीवर झाकण बसवलं, पाणी साचू नये म्हणून त्याला खालून भोकं ठेवली. आता धुणं झालं की काकूच लाइन दहा मिनिटं रिकामी चालवतात, पाणी उडून जातं, आणि मग मला हाक मारतात, "ये रे, तेल सोड."