एस्पेरान्तो शिकताना उच्चारात आणि शब्दघडणीत या चुका टाळा

लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेचे व्याकरण १६ नियमांत मावते, आणि हे नियम १९०५ मध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या तिच्या पहिल्या जागतिक संमेलनाने भाषेचा कायमचा पाया म्हणून स्वीकारले. नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाहीत, त्यामुळे शिकणारा निर्धास्त होतो. मराठी भाषकांच्या चुका नियम माहीत नसल्याने क्वचितच होतात. नियम पाठ असतो, पण जीभ मराठीच्या किंवा शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या वळणाने चालत राहते. म्हणून प्रत्येक चुकीमागे आपली कोणती सवय आहे हे ओळखणे मला नियम पुन्हा घोकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

उच्चार

नववा नियम सांगतो की शब्द जसा लिहिला तसाच वाचावा. रोमन लिपी पाहताच आपल्याला इंग्रजी आठवते आणि इथेच पहिली गल्लत होते. ‘ताब्लो’ म्हणजे टेबल. त्याचा उच्चार ‘टाब्लो’ करू नये, कारण एस्पेरान्तोतील हा वर्ण आपल्या ‘त’ला जवळचा आहे, ‘ट’ला नाही. ‘द’ आणि ‘ड’ यांच्या बाबतीतही तेच.

सर्वाधिक गोंधळ ‘सी’ या अक्षराचा होतो. ते एस्पेरान्तोत नेहमी ‘त्स’ असे उच्चारले जाते, ‘स’ किंवा ‘क’ कधीही नाही. मराठी माणसाला हा ध्वनी नव्याने शिकावा लागत नाही, कारण चमचा, चूल, चारा या शब्दांतील दंततालव्य च म्हणजेच तो ध्वनी. त्याच अक्षरावर टोपीसारखे चिन्ह आले की तो चार, चिमणी या शब्दांतील तालव्य च होतो. हिंदी भाषकाला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो जन्मापासून अवगत आहे. तरीही मराठी विद्यार्थी इथे चुकतो, आणि त्याचे कारण मराठीतच आहे. ‘त्याचा’ म्हणताना आपला च दंततालव्य असतो, पण ‘त्याची’ आणि ‘त्याचे’ म्हणताना पुढच्या ई-ए स्वरांमुळे तोच च आपोआप तालव्य होतो. एस्पेरान्तोत असा बदल चालत नाही. ‘त्सेलो’ म्हणजे उद्दिष्ट आणि ‘चेलो’ म्हणजे पेशी. मराठी सवयीने बोलणाऱ्याच्या तोंडी दोन्ही शब्द एकच होतात. यावर उपाय असा की ‘चमचा’मधला च म्हणताना जिभेचे टोक कुठे टेकते ते नीट लक्षात घ्यावे आणि जीभ तेथून न हलवता त्सा, त्सो, त्सू, त्से, त्सी असे क्रमाने म्हणावे. शेवटच्या दोन ध्वनींना जीभ मागे सरकू पाहते. तिथेच थांबून ते पुन्हा म्हणावेत.

‘मला माहीत आहे’ या अर्थाच्या ‘मी स्त्सीआस’ या वाक्यात स आणि त्स लागोपाठ येतात. बहुतेक जण त्याचे ‘सीआस’ करतात आणि ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘रस चाखा’ हे शब्द न थांबता म्हणून पाहावे. मधल्या जोडावर हवा तो ध्वनिसमूह मिळतो. सुरुवातीला ‘मिस्-त्सीआस’ असे तोडून म्हणण्यास हरकत नाही. ‘श’ला घोष (स्वरतंतूंचे कंपन) देऊन होणारा ध्वनी मात्र मराठीत नाही, तो ऐकूनच बसवावा लागतो.

आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, हा दहावा नियम सोपा दिसतो. परंतु प्रत्यय जोडला की आघात पुढे सरकतो, हे आपण विसरतो. ‘लेर्नास’ (शिकतो) मध्ये आघात ‘लेर्’वर, ‘लेर्नेयो’ (शाळा) मध्ये ‘ने’वर, आणि ‘लेर्नेयेस्त्रो’ (मुख्याध्यापक) मध्ये ‘येस्’वर येतो. याहून सूक्ष्म चूक स्वर जोडून घेण्याची. ‘फामिलिओ’ (कुटुंब) या शब्दात फा-मि-लि-ओ अशी चार अक्षरे आहेत आणि आघात ‘लि’वर आहे, आपण घाईत ‘फामिल्यो’ म्हणतो, एक अक्षर कमी होते आणि आघात ‘मिल्’वर जाऊन पडतो. उलट अनेकवचनाच्या ‘आमिकोय्’ (मित्र) मध्ये ‘कोय्’ हे एकच अक्षर आहे. त्याचे दोन तुकडे केले तर आघात ‘मि’वरून ‘को’वर जातो.

शब्दघडण

‘माल्’ या उपसर्गाचा अर्थ वाईट असा नाही, नेमका उलट असा आहे. त्यामुळे ‘मालामिको’ म्हणजे शत्रू, वाईट मित्र नव्हे. तसेच ‘ने’ हा उपसर्ग केवळ नकार दाखवतो: ‘नेवार्मा’ म्हणजे गरम नसलेले, तर ‘माल्वार्मा’ म्हणजे थंड. चहा कोमट झाला असेल तर दुसरा शब्द चुकीची माहिती देतो.

खरी कसोटी लागते ती मुळाच्या स्वभावाची. नामाला ‘ओ’ आणि क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘ई’ हा प्रत्यय लागतो, म्हणून कोणत्याही मुळाला कोणताही प्रत्यय लावून हवा तो अर्थ मिळेल असे विद्यार्थी धरून चालतो. ‘ब्रोसो’ म्हणजे ब्रश आणि ‘ब्रोसी’ म्हणजे ब्रश फिरवणे. मग ‘कोम्बी’ म्हणजे केस विंचरणे असेल, तर ‘कोम्बो’ म्हणजे कंगवा असायला हवा, असे वाटते. तसे नाही. ‘ब्रोस्’ हे मूळ वस्तूचे नाव आहे, ‘कोम्ब्’ हे कृतीचे. म्हणून ‘कोम्बो’ म्हणजे विंचरण्याची क्रिया, आणि कंगव्यासाठी साधन दाखवणारा ‘इल्’ प्रत्यय जोडून ‘कोम्बिलो’ म्हणावे लागते. ‘ब्रोसिलो’ म्हणणे मात्र अनावश्यक, कारण साधन मुळातच आहे. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांचे धाकटे बंधू रेने द सोस्यूर यांनी १९१० च्या सुमारास या विचाराची पद्धतशीर मांडणी केली, आणि पुढे १९६७ मध्ये एस्पेरान्तो अकादमीनेही शब्दघडणीविषयीच्या निर्णयात मुळाचा हा स्वभाव मान्य केला. काही अभ्यासक त्याला फारसे महत्त्व देत नाहीत, पण शिकणाऱ्याने तो पाळावा असे माझे ठाम मत आहे. शब्दकोशात मूळ ‘ओ’सह दिले आहे की ‘ई’सह, एवढे पाहिले तरी यातल्या बहुतेक चुका टळतात, म्हणून नवा शब्द वहीत उतरवताना तो प्रत्ययासह लिहावा.

‘इग्’ (करवणे) आणि ‘इज्’ (होणे) या प्रत्ययांत मराठी माणूस हमखास अडखळतो. मराठीत ‘तुटणे’ मूळ आणि ‘तोडणे’ त्यावरून झालेले. ‘संपणे’ मूळ आणि ‘संपवणे’ साधित. एस्पेरान्तोत ‘रोम्पी’ म्हणजे तोडणे आणि ‘फिनी’ म्हणजे संपवणे हीच मूळ रूपे आहेत. त्यामुळे ‘ग्लास फुटला’ हे ‘ला ग्लासो रोम्पिस’ असे म्हणाल तर ग्लासाने काहीतरी फोडले असा अर्थ होतो. ‘ला ग्लासो रोम्पिजिस’ हवे. तास सुरू होतो हे सांगतानाही ‘कोमेन्त्सास’ नव्हे, ‘कोमेन्त्सिजास’ म्हणावे. याउलट ‘बोली’ म्हणजे पाणी आपोआप उकळणे, आणि माणूस पाणी उकळतो तेव्हा ‘बोलिगास’. मराठीत ‘उकळणे’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालते, म्हणून इथे प्रत्यय गाळला गेल्याचे लक्षातही येत नाही. प्रत्येक क्रियापदाबरोबर कर्मासह एक छोटे वाक्य पाठ करणे हाच यावर खात्रीचा उपाय.

सामासिक शब्दात मुख्य पद शेवटी येते. आपल्या तत्पुरुष समासाचीच ही रीत असल्याने त्यात अडचण कमी. ‘वापोर्-शिपो’ (आगबोट) हे आपल्याला सहज उलगडते. प्रत्ययांच्या क्रमाकडे मात्र लक्ष हवे, कारण प्रत्येक प्रत्यय आपल्या आधीच्या सगळ्या भागावर परिणाम करतो. ‘बोव्-इन्-इद्-ओ’ म्हणजे गायीचे वासरू, मग ते नर असो वा मादी. ‘बोव्-इद्-इन्-ओ’ म्हणजे कालवड. आणि फोड करताना प्रथम पूर्ण शब्द मूळ म्हणून शब्दकोशात आहे का ते पाहावे. ‘कोलेगो’ची फोड ‘कोल्-एग्-ओ’ अशी केली तर ‘भली मोठी मान’ असा अर्थ निघतो, पण तो शब्द ‘सहकारी’ या अर्थाचे स्वतंत्र मूळ आहे, आणि वाक्यात जवळजवळ नेहमी तोच अर्थ अभिप्रेत असतो.